उभ्या बाईची सावड

पाहुण्यांनी पट्टा माझ्या हातात ठेवला आणि वर म्हणाले, "मॅडम, तुम्ही घालून दाखवा. म्हणजे बाकीच्या बायका लाजणार नाहीत."

पट्टा म्हणजे रेक्झिनचा, चांगला रुंद, मागं बक्कल, आणि बाहेरच्या अंगाला टोकदार खिळे. तो गळ्यात घालायचा आणि शेतात जायचं. वाघ मानेला धरतो, मान झाकली की वाघ हरला, असा त्यांचा हिशोब. (आमच्याकडं बिबट्याला बिबट्या फक्त पेपरात म्हणतात, बोलताना वाघच.) माझे सासरे होते तेव्हा त्यांनी बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला जाऊन बैलाऐवजी असाच एक काटेरी पट्टा आणला होता, कुत्र्यासाठी. त्या कुत्र्यानं तो दगडाला घासघासून आठवडाभरात काढून टाकला आणि परत घालू दिला नाही. म्हणजे कुत्र्यानं जेवढी लाज धरली तेवढी आम्ही बायांनी धरायची नाही, असं त्या दिवशी देवळाच्या सभामंडपात ठरलेलं होतं.

मी रागानंच सांगतेय, हे आधीच कबूल करते. मला राग पटकन येतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, शाळेतल्या पोरांना तर फारच माहीत आहे. पण काही राग येतात आणि चहा प्याला की जातात. हा गेला नाही.

मला स्टेजवर बसवायची कारणं दोन. एक म्हणजे मी विज्ञान शिकवते. आणि दुसरं, मी विज्ञानकथा लिहिते. त्याच दिवाळीला एका अंकात माझी कथा आली होती, लाखभर वर्षांनंतरच्या जुन्नर तालुक्याची. कथेत ऊस होताच, तो कुठं जातोय! उसात वाघ होते. फक्त माणूस बदलला होता. मानेच्या मागं कासवासारखी हाडाची ढाल, आणि बुचड्याच्या खाली तिसरा डोळा, पापणीसकट. पोर जन्माला आलं की सुईण आधी त्याची मान बघते, मागचा डोळा उघडला की पेढे. ज्या मुलीच्या मागच्या डोळ्याला चष्मा लागतो तिचं लग्न लवकर जमत नाही. अशी सगळी गंमत होती. लिहिताना मला मजा आली होती, वाचणाऱ्यांनाही आली. ओतूरच्या बाजारात अनोळखी माणसानं थांबवून विचारलं, "मॅडम, तो डोळा मिटून झोपायचं का उघडा ठेवून?"

घरी मी ती कथा आत्याला वाचून दाखवली होती. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. ती ओट्यावर बसून कांद्याची रोपं निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या डोळ्यात काजळ कोन घालायचं? सासूनं का सुनंनं?" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसली.

आत्याची कंबर कांद्यात गेली. दुसरा शब्द नाही त्याला. कधीतरी ती ताठ चालत असणार, लग्नाच्या फोटोत आहे तशी. मी डोंगरातल्या मढहून लग्न होऊन आले तेव्हाच ती थोडी झुकलेली होती. मग झुकत झुकत अशी झाली की चालताना दोन्ही हात गुडघ्यांवर आणि तोंड जमिनीकडं. ती माणसं पायांवरून ओळखायची. दारात कुणी आलं तर आधी म्हणायची, "आली का गं भेगाळी?" किंवा "पावणं, नवी चप्पल!" आणि मग मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून वर बघायची. डॉक्टर म्हणाले, मणके तसेच जुळून बसलेत, आता काही होणार नाही. ती म्हणाली, "मला कुटं आभाळात जायचंय?"

पण सावडीत अजून तिचाच शब्द चालायचा. सावड म्हणजे आज आमच्या रानात सगळ्या बाया, उद्या तुमच्या. पैशाचं काम नाही, दिवसाला दिवस. कांद्याची लागण आमच्या वस्तीवर अशीच होते. दहा घरच्या बाया एका ओळीत ओणव्या होतात, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचं बोट चिखलात. आणि आत्या वाफ्याच्या तोंडाशी बसून ओरडायची, "वाका गं, वाका! आभाळात काय बगता?" कुणाचा दिवस पुरा भरला, कुणाचा अर्धा, हे ती ठरवायची आणि तिच्यापुढं कुणी बोलायचं नाही. तिच्या सावडीचा एक नियम होता, तिच्याही सासूपासून चालत आलेला. उभी बाई धरत नाहीत. कंबर मोकळी करायला क्षणभर उभी राहिली तर ठीक. पण जी उभी राहिली, हिंडली, पाणी आणायला म्हणून गेली आणि रमली, तिचा तो वेळ सावडीत धरायचा नाही. ती फुकटची उभी.

हा नियम मी डोंगरातून आलेली म्हणून माझ्या जास्तच डोक्यात जायचा. मढला भाताच्या खाचरात आम्हीही वाकायचो, पण निदान हसायला उभं राहता यायचं. आत्या म्हणायची, "म्हनून तर मढच्या बाया अजून सरळ हायेत. अन् गरीब."

मागच्या मोसमात वाघ दिवसाढवळ्या दिसायला लागले. उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले, त्यांनी जंगल बघितलेलंच नाही. ट्रॅक्टरला भीत नाहीत, फटाक्याला कान टवकारतात आणि परत बसतात. मी म्हटलं, ओळीच्या कडेला एका बाईनं काठी घेऊन उभं राहायचं, उसाकडं तोंड करून. बाकीच्यांनी वाकायचं. सगळ्यांना पटलं. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "पहिल्यांदा मी ऱ्हाते."

ती शेजारच्या मळ्यातली लागण होती, सकाळची दहाची वेळ, स्वच्छ ऊन. मी शाळेत होते. जाऊ काठी घेऊन उभी राहिली. थोडा वेळ राहिली असेल. दुसऱ्याच्या रानात बाकीच्या बाया कंबर मोडून लावतायत आणि आपण रिकाम्या हातानं उभं, हे तिला सोसेना. तिला कुणी काही बोललं नव्हतं. मालकीण तर म्हणाली होती, उभी ऱ्हा बाई. पण हिनंच काठी बांधाला टेकवली, एक जुडी उचलली आणि ओळीच्या शेवटी, उसाच्या अंगाला, ओणवी झाली.

वाघानं तिलाच धरलं.

बायांनी आरडाओरडा केला, ढेकळं मारली, एकीनं घमेलं फेकलं आणि त्यानं सोडलं. जाऊ वाचली. मानेला आणि खांद्याला टाके पडले, पदर लागला तरी ठणकायचं. पण वाचली. दवाखान्यात ती पहिलं वाक्य काय बोलली असेल? मला म्हणाली, "बाई, आत्यांला इचारा, माझा दिवस धरला का?"

मी दवाखान्याच्या बाहेर येऊन भिंतीवर हात आपटला. अक्षरशः आपटला, अजून करंगळी दुखते. मानेचे लचके तुटले आणि हिला दिवसाची पडलीय! कुणाला शिव्या घालाव्यात तेच कळेना. वाघाला काय बोलणार? त्याला जे दिसलं ते त्यानं धरलं. पुढं वनखात्याचे वगैरे गावात जे कोण कोण येऊन गेले त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, की वाघ सहसा उभ्या माणसाच्या वाटेला जात नाही. वाकलेला, बसलेला माणूस त्याला चौपायी जनावर वाटतो. शेळी वाटते, वासरू वाटतं.

ते ऐकून दुसऱ्याच दिवशी मी वर्गात गेले. धडा उत्क्रांतीचा. भिंतीवर तो तक्ता आहे, सगळ्या शाळांत असतो. एका टोकाला माकड, मग थोडं उठलेलं माकड, मग अर्धवट माणूस, आणि सगळ्यांच्या पुढं ताठ उभा राहिलेला भालाधारी. मी छडीनं एकेक दाखवत चालले होते. तिसऱ्या चित्रावर छडी थांबली. गुडघ्यांजवळ हात, तोंड जमिनीकडं, मान तिरकी. ती आत्या होती. हुबेहूब आत्या. फक्त तिला दाढी होती, कारण त्या तक्त्यात बाई नाहीच. माकडापासून भाल्यापर्यंत सगळे बाप्येच चालत गेलेत.

वर्षानुवर्षं मी पोरांना सांगत आले की माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचे हात मोकळे झाले. घोकून घेतलं, परीक्षेत विचारलं, मार्क दिले. पण ते मोकळे झालेले हात धरून परत चिखलाला लावले कुणी, हे एका पुस्तकात नाही! माझ्या कथेतही नव्हतं. मी आपली डोळे वाटत बसले होते. तास अर्धा सोडून मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. बरोबरच्या सरांनी विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही, तक्ता चुकलाय." ते म्हणाले, "नवीन मागवू."

घरी दुसराच प्रकार. आमचे हे आणि धाकटे भाऊजी, दोघांनी मिळून घराभोवती जाळी मारली, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप. कशासाठी? तर आत्यासाठी. बाकीच्या बाया कामापुरत्या वाकतात, आत्या तर चोवीस तास वाकलेली. तिला बाहेर सोडायचं म्हणजे वाघाला ताट वाढून ठेवायचं, असं भाऊजी म्हणाले. तिच्यावरच्या मायेनंच म्हणाले, त्यात खोट नाही. पण किल्ली कुठं ठेवली? आतल्या दाराजवळच्या खुंटीवर, उंच. मी म्हटलं, "खाली ठेवा की, कोणाचाही हात पुरेल." हे म्हणाले, "म्हणूनच वर ठेवली."

म्हणजे पोटच्या पोरांनी आईची उंची मोजून खुंटी निवडली. मी त्या दिवशी जेवले नाही. हे म्हणाले, "तू दिवसभर शाळेत असतीस, तिच्यामागं कोण फिरणार? तूच सांग दुसरं काय करायचं." मला दुसरं काही सांगता आलं नाही आणि त्याचाच जास्त राग आला.

आत्या आता जाळीच्या आत ओट्यावर बसून राहायची. पलीकडच्या रानात लागण चालू असायची, बायांच्या बांगड्या ऐकू यायच्या. ती जागेवरूनच हळू आवाजात म्हणायची, "वाका गं, वाका." कुणाला ऐकू जायचं नाही. जेवण अर्ध्यावर आलं. रोपं निवडायला दिली तर म्हणाली, "कशापायी? मी काय सावडीत हाय व्हय?" शेजारणी विचारायला आल्या की आता पुढची लागण कुणाची धरायची, तर म्हणाली, "मेलेल्या बाईला इचारू नका."

ती घरात बसून मरणार, हे मला दिसत होतं. ती वर्षभरात गेली असती आणि पोरांनी सांगितलं असतं, वय झालं होतं.

अशातच ती देवळातली सभा. त्यात पुण्याहून कुणी एक पाहुणे आले होते, गोड बोलणारे, सुती झब्बा, गळ्यात माळबीळ नाही. नाव मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. ते म्हणाले, "माणूस हा जुळवून घेणारा प्राणी आहे. इथे बसलेल्या मॅडमनी आपल्या सुंदर कथेत लिहिलंच आहे, की उद्या माणसाच्या मानेला ढाल येईल. निसर्ग वेळ घेतो. तोवर हा पट्टा म्हणजे तीच ढाल समजा." टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझीच गंमत माझ्याच जावेच्या टाक्यांवर पट्टी म्हणून चिकटवली! आणि मग तो पट्टा माझ्या हातात दिला, घालून दाखवा म्हणून.

मी घातला नाही. टेबलावर ठेवला आणि माइक ओढून घेतला.

"लाख वर्षांनी मान बदलेल ते सोडा," मी म्हटलं, "आज कंबरेचं बोला. स्टेजवर तुम्ही सातआठ जण आहात. एकानं खाली यावं आणि पुढच्याचं भाषण संपेपर्यंत ओणवं राहून दाखवावं. फक्त एक भाषण."

खालच्या बाया फसकन हसल्या. पुरुष हसले नाहीत. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मॅडम, विषय भरकटतोय."

"विषय हाच आहे. वाघाला कळतं की उभा तो माणूस आणि वाकलेलं ते जनावर. त्याला एवढी अक्कल आहे. तुम्ही गळ्यात पट्टा घालून आम्हाला जनावरच ठेवताय, फक्त काटेरी. बाई वाकणार हे तुम्ही धरूनच चाललाय!"

"मग कांदा लावायचा कसा?" मागून एकजण ओरडला. "आडवं पडून?" यावर मात्र पुरुष पोट धरून हसले, आणि सभा संपली. पट्टे वाटले गेले. बायांनी निमूट घेतले. माझ्या जावेनंही घेतला. जाताना एक शेजारीण मला म्हणाली, "बाई, तुमचं बरूबर हाय, पन तुमी शाळंत उभ्यानं शिकवता." तिच्यावर रागावता येईना. खरंच होतं ते.

मग मी घरी येऊन आत्याला धरलं. कारण किल्ली पोरांनी टांगली असली तरी नियम तिचा होता. मी म्हटलं, "आत्या, उभी बाई सावडीत धरा. राखण करणारीचा दिवस पुरा धरा. मग कुणी लाजून वाकणार नाही. आणि तुम्हाला ट्रॉलीवर बसवते, उंचावर, शिट्टी देते. तुम्हीच राखण करा. पोरांना मी बघते."

तिनं माझ्या पायांकडं बघितलं. मग मान तिरकी केली. "मला खेळण्यातली शिट्टी देती व्हय गं मास्तरीण? लोकांच्या पोरी चिखलात आन् मी रथात? आन् वर माझा दिवस धरायचा?"

"मग काय झालं? राखण हे काम नाही?"

"काम हाताला लागतं. उभ्या बाईचा दिवस मी जल्मात धरला न्हाई. माझी चार दिवसांची बाळंतीन सासू वाकली व्हती याच रानात, तिचाबी अर्धाच धरला व्हता लोकांनी. आता माझ्यापायी नियम मोडू? फुकटची खानारी मी न्हाई."

"धाकटीची मान फाडली त्या नियमानं!"

"वाघानं फाडली."

"तुम्ही! तुम्ही आणि तुमच्या वाका गं वाकानं!"

भाऊजी मध्ये पडले, "वहिनी, पुरे." मी कुठली थांबते? मी म्हटलं, "मग बसा जाळीत आणि मरा!" आणि आत निघून गेले. बोलले ते बोलले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

पुढच्या रविवारी आमच्या स्वतःच्या रानात लागण होती. मला सुट्टी, म्हणून मीही ओळीत होते. थंडी होती, उसावर धुकं होतं पण उजाडलं चांगलं होतं. निम्म्या बायांच्या गळ्यात पट्टे. वाकलं की खिळे हनुवटीला लागायचे, म्हणून बऱ्याच जणींनी ते सैल करून पाठीवर टाकले होते. जाऊ त्या दिवसापासून पहिल्यांदाच रानात आली होती, मानेला स्कार्फ, वर पट्टा. राखणीला मी उभी राहते म्हटलं तर बाया म्हणाल्या, "नगं बाई, आत्यांच्या रानात आन् आत्यांची सून उभी? लोक काय म्हनतील!" म्हणजे राखण नाहीच. बांधावर कुणाचातरी मोबाईल मोठ्यानं हिंदी गाणी वाजवत होता, तीच आमची राखण.

दोन वाफे झाले असतील. जावेनंच आधी पाहिलं. तिचा श्वास अडकल्याचा आवाज मी ऐकला. उसाच्या कडेनं, बांधावरच्या गवतामागून, काहीतरी चाललं होतं. बुटकं, पिवळट, पाठ वर, डोकं खाली. हळूहळू आमच्याकडंच येत होतं.

"वाघ! वाघ आला गं!"

सगळ्या उठल्या. ओरडा, घमेली, ढेकळं, जिच्या हाताला जे लागलं ते. मोबाईलवरचं गाणं चालूच. जावेनं बांधावरचा दगड उचलला. टाके पडलेल्या खांद्यानंच तिनं तो फेकला, आणि इतक्या जोरात फेकला की तिच्याच तोंडातून किंकाळी फुटली. दगड लागला. ते पिवळं गवतात बसलं.

आणि गवतातून आवाज आला, "आगं ए भवान्यांनो! मी हाय! मी!"

मी धावले ते आठवतं, वाफे तुडवत, नुकती लावलेली रोपं तुडवत. आत्या बांधावर बसली होती. अंगावर सासऱ्यांची जुनी पिवळी शाल, कपाळावर भुवईच्या वर फुटलेलं, रक्त नाकावर आलेलं. शेजारी झाडू पडला होता. झाडूच्या दांड्यानं तिनं खुंटीवरची किल्ली खाली पाडली होती. एवढी सकाळ तिला त्यातच गेली असणार.

मी पदर तिच्या कपाळाला दाबून धरला. आणि तोंडानं मी ओरडत होते, "कोणी सांगितलं होतं बाहेर यायला? अक्कल आहे का? जीव गेला असता तर?" ती म्हणाली, "वरडू नको. रानातली पयली लागण मी न्हाई तर कोन बगनार?"

बाया गोल करून उभ्या राहिल्या. तिला आमचे पाय दिसत होते. तिनं एकेक पाय बघितला. जावेचे पाय मागं सरकले.

"तू मारलास व्हय?" आत्या म्हणाली. "नेम चांगला हाय."

जाऊ मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आत्यानं तिच्या पट्ट्याचा एक खिळा बोटानं चाचपला. मग तिनं मान तिरकी केली, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "खरंच वाघ वाटले मी?"

  काय सांगणार? वाटलीच होती. पुण्याच्या पाहुण्यांना नाही, वाघाला नाही, तिच्या स्वतःच्या सुनांना. तिची पाठ बघून आम्ही दगड उचलले होते.

ती माती चिमटीत घेऊन चुरत बसली. रक्त थांबलं. मग म्हणाली, "काठी कुटाय?"

काठी बांधावरच होती. मी आणून दिली. तिनं ती जावेच्या हातात दिली. "ऊठ. तू ऱ्हा उभी, उसाकडं तोंड कर. तुझा आजचा दिवस धरला."

एक म्हातारी शेजारीण होती, आत्याच्याच वयाची. ती हळूच म्हणाली, "अर्धा ना?"

"पुरा," आत्या म्हणाली. "आन् त्या दिवसाचाबी पुरा. आजपास्नं उभी बाई धरायची. ज्येला पटंल त्येनं सावडीत ऱ्हावं, न पटंल त्येनं घरी जावं."

कुणी घरी गेलं नाही. मी आणि अजून दोघींनी आत्याला उचलून रोपांच्या ट्रॉलीवर बसवलं. तिनं नको म्हटलं नाही. वर बसल्यावर तिनं खाली बघितलं. किती वर्षांनी तिला आमची डोकी वरून दिसत होती. मला म्हणाली, "मास्तरीण, भांग वाकडा हाय तुझा." मी म्हटलं, "माहीत आहे." आणि जाऊन ओळीत ओणवी झाले, कारण कांदा काही उभ्यानं लागत नाही आणि ते दुःख तसंच आहे. कुणी यंत्र आणतील तेव्हा आणतील.

त्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा परवा फोन होता. यंदाही भविष्यातला माणूसच हवाय, वाचकांना डोळा फार आवडला म्हणाले. मी म्हटलं, बघते. अजून एक ओळ लिहिलेली नाही. लिहायला बसले की मला ती सकाळच दिसते. जाऊ काठी धरून उसाकडं तोंड करून उभी. मागं आमची ओळ. थोडा वेळ ती बरी उभी राहिली. मग तिनं वळून आमच्याकडं बघितलं, चिखलात रुतलेल्या आमच्या हातांकडं, आणि तिची मान खाली गेली. काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. गुडघे हळूच वाकायला लागले, हात जुडीकडं गेला.

तेवढ्यात ट्रॉलीवरून आत्याचा आवाज आला. जन्मभर आम्हाला वाका गं, वाका म्हणणारा तोच आवाज, तेवढाच मोठा.

"वाकशील तर बग! उभी ऱ्हा!"